“हौ, चालतंय”

जालन्याहून संभाजीनगरला येत होते, एसटीत उभी, एका हातानं वरची दांडी धरलेली आणि दुसऱ्या हातात फोन. एका दवाखान्यात व्हीलचेअर जावी म्हणून मी ड्रॉइंग दिलेल्या रॅम्पचा फोटो ठेकेदारानं व्हॉट्सॲपवर टाकला होता, खाली “मॅडम झाला बगा रॅम्प, ओके हाय का?” फोटोत रॅम्प मस्त दिसत होता, चकाचक ग्रॅनाईट, दोन्ही बाजूनं स्टीलचं रेलिंग. मी लिहिलं “हौ, चालतंय” आणि फोन पर्समधे टाकला.

दोन महिन्यांनी त्याच रॅम्पवरनं एक आजोबा व्हीलचेअरसकट मागं घसरले. नातू ढकलत होता, कॉलेजातलं पोरगं, त्याचाच पाय सरकला. आजोबांचं मनगट मोडलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, आणि तिथल्या साहेबांनी फोनवर जे म्हणलं ते काही खोटं नव्हतं, “मॅडम, तुम्हीच पास केलता ना.”

मग मी गेले, टेप आणि लेव्हल घेऊन, जे दोन महिने आधी करायला पाहिजे होतं. जोतं दोन फूट उंच. हिशोब सोपा आहे, एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी लागते, म्हणजे २४ फूट, आणि समोर तेवढी जागाच नव्हती म्हणून ड्रॉइंगमधे मी रॅम्प मधनं वळवून दिला होता. ठेकेदारानं वळण काढून टाकलं आणि सरळ १४ फुटात बसवला. म्हणजे १:७. वर पॉलिश केलेला ग्रॅनाईट. समोरून काढलेल्या फोटोत १:१२ आणि १:७ सारखेच दिसतात हो, समोरून तर दौलताबादचा चढ पण सपाट दिसेल.

आमची फी आम्ही परत केली, आजोबांच्या प्लास्टर-औषधाचा अर्धा खर्च दिला. कोर्टकचेरी काही झाली नाही. आजोबांच्या मुलानं एवढंच विचारलं, “ताई, तुम्ही बगायला आलता का?” आणि मी गप्प.

आमचं काम काय ते सांगते, कारण सोयरेधायरे अजून विचारायलेत की नेमकं करता काय. मी सिव्हिल डिप्लोमावाली, माहेर परभणीचं. माझा मावसभाऊ, आमचा दादा, त्याला लहानपणी पोलिओ झाला, आधी पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, लावून चालायचा, आता व्हीलचेअरवर आहे. आम्ही दोघं मिळून इमारती तपासतो, म्हणजे दवाखाने, कॉलेजं, बँका, मंगल कार्यालयं, की दिव्यांग माणूस गेटपासून काउंटरपर्यंत आणि तिथनं संडासापर्यंत कुणाची मदत न घेता जाऊ शकतो का, आणि नसेल तर काय बदलायचं. मराठवाड्यात हे काम फी देऊन करून घ्यायचं असतं हेच पटवायला पहिली दोन वर्षं गेली. “आमची पोरं उचलून नेतेत की” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! दादा म्हणतो, तुळजापूरच्या पायऱ्या उतरताना मामाच्या खांद्यावर होतो तेव्हा सहा वर्षांचा होतो म्हणून मजा आली, आज पंचेचाळीशीत चार अनोळखी पोरांनी उचललं तर देवीच आठवते.

तर ह्या धंद्यातली जोखीम सांगते. धंदा सुरू केला तेव्हा मला वाटायचं जोखीम म्हणजे पैसे बुडणं. पैसे बुडतातच, त्यावर खाली येते. पण खरी भीती एका शब्दाची आहे, “सुगम”, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येईल अशी इमारत. हा शब्द कागदावर लिहून खाली सही केली की पुढं त्या इमारतीत कुणीही पडलं तर बोट आपल्याकडं.

आणि लोकांना नेमका तोच कागद पाहिजे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, कलम ४४ सांगतं की नियम पाळले नसतील तर इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळणार नाही, आणि कायदा मोडला तर पहिल्या वेळी १० हजारापर्यंत दंड, नंतर ५० हजारापासून ५ लाखापर्यंत. आता १० हजाराला कोण भितंय, एका मंगल कार्यालयाचं एका लग्नाचं फुलांचं बिल त्याच्यापेक्षा जास्त असतं. पण ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाचा राजीव रतुरी खटल्यातला निकाल आला. सुगमतेचं एक किमान माप सगळ्यांवर बंधनकारक पाहिजे, नुसत्या शिफारशी ठेवून भागणार नाही, असं म्हणून कोर्टानं ह्या कायद्याच्या नियमांतलं एक कलम रद्द केलं आणि सरकारला तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा म्हणलं. तेव्हापासून फोन वाढले. आणि दहापैकी आठ फोन असे, “मॅडम तुम्ही यायची पण गरज नाही, फोटो पाठवतो, सर्टिफिकेट तेवढं द्या.”

फोटो!

आता आम्ही सर्टिफिकेट देतच नाही. रिपोर्टमधे “सुगम आहे” असं वाक्य कुठंच नसतं. अमुक तारखेला, अमुक दारात, मोकळी रुंदी इतके मिलिमीटर मोजली, केंद्र सरकारच्या कोणत्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनेशी ताडून पाहिली, २०१६ ची का २०२१ ची, आणि उरलेलं कुठं कुलूप होतं म्हणून बघता आलं नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं बरं का, न बघितलेल्या जागांची यादी. पहिल्या वर्षी आम्ही ती द्यायचो नाही, लाज वाटायची की काम अर्धवट वाटेल. ठेकेदारानं नंतर बदल केला तर तो आमचा नाही, पुन्हा मोजायला बोलवा, त्याची फी वेगळी, हे पण करारात टाकलं. आणि व्हॉट्सॲपवर मंजुरी नाही. साधी “हौ” सुद्धा नाही. अंगठा तर अजिबात नाही.

दुसरी जोखीम क्लायंटला दिसत नाही, ती आमच्याच माणसांची आहे. तपासणीला आम्ही व्हीलचेअरवाले, अंध, कमी ऐकू येणारे असे लोक रोजावर घेतो, फुकट नाही, “समाजसेवा आहे, या” म्हणून तर अजिबात नाही. एकदा परभणीकडं एक जण चुकीच्या रॅम्पवर चढायला लागला आणि दादानं मागून धरलं म्हणून वाचला. आपणच चुका शोधायला माणूस पाठवायचा आणि त्याच चुकीनं तो पडायचा, ह्याच्यासारखी शरमेची गोष्ट नाही. आता आधी मी मोजते, उतार जास्त निघाला तर कुणीच चढत नाही, मोजलेला आकडाच पुरावा.

पण त्याहून अवघड गोष्ट पाण्याची. मणक्याला मार लागलेला माणूस दिवसभर बाहेर असला की पाणीच पीत नाही, कारण जाणार कुठं? दिव्यांगांचा संडास असतो, पण त्यात फिनेलचे कॅन, झाडू आणि मोडकी खुर्ची, किल्ली शिपाई मामांकडं आणि मामा जेवायला गेलेले. मे महिन्यात नांदेडला नाहीतर परभणीला पाणी न पिता सात तास म्हणजे दवाखान्यातच भरती करायची वेळ. आमच्यातल्या एकाला लघवीचं इन्फेक्शन होऊन ताप चढला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एप्रिल-मेत आता सकाळी सातला सुरू, दहाला बंद, आणि पोचल्यावर पहिलं काम संडासाची किल्ली हातात घेणे, मग बाकी सगळं. त्या उन्हाचा एक फायदा पण झाला म्हणा. दक्षिणेकडच्या स्टीलच्या रेलिंगला दुपारी हात लावून बघा एकदा, पुण्या-मुंबईच्या कुठल्या चेकलिस्टमधे मी हे वाचलं नाही पण आमच्या रिपोर्टमधे असतं, वर सावली करा.

लिफ्टचंही तसंच. तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट दिली की लोक खूष, पण आग लागली की लिफ्ट वापरायची नसते, मग वरचा व्हीलचेअरवाला खाली कसा येणार? हा प्रश्न विचारला की “उगं अपशकुन कामून बोलता” म्हणतेत. किल्लारीच्या भागात, जिथं ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लोक अजून विसरले नाहीत, तिथं सुद्धा मला हे ऐकावं लागलं. आम्ही लेखी विचारतो, उत्तर आलं नाही तर तेही लिहितो.

पैशाचं थोडक्यात. आगाऊ घेतल्याशिवाय टेप बाहेर काढत नाही. बिल केलं की १८ टक्के जीएसटी आपल्या खिशातून भरायची, पैसे आले असोत नसोत, वरनं क्लायंट टीडीएस कापून देणार. उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडं लहान धंद्याची नोंद, करून ठेवा, लहान धंद्याचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यायचं असा कायदा आहे, भांडायचं नसलं तरी बिलाखाली ती ओळ छापली की फोन उचलतेत. एका वर्षी आमचं निम्म्याहून जास्त काम एकाच क्लायंटचं होतं आणि त्यांनी चार महिने पैसे अडकवले, तेव्हा दादाच्या व्हीलचेअरचं चाक बदलायला सुद्धा उधारी केली. पार्टी कितीही मोठी असो, निम्मं काम एकाकडून घ्यायचं नाही हे तेव्हापासून.

विमा घेतलाय, आपल्या कामातल्या चुकीबद्दल कुणी दावा केला तर त्यासाठीचा. एजंट काका आधी मला आयुर्विमाच विकायच्या मागं होते. ह्यातली खोच अशी की बहुतेक पॉलिसीत दावा येतो त्या दिवशी पॉलिसी चालू पाहिजे, काम केलं तेव्हाची असून भागत नाही, म्हणजे मधे एक वर्ष हप्ता चुकवला तर जुनी सगळी कामं उघडी.

आणि टाईल्सवाले, लिफ्टवाले कमिशन द्यायला येतेत. चहा पाजून परत पाठवते. एका अंध मित्रानं एका इमारतीतली, अंधांना पायानं वाट कळावी म्हणून बसवलेली पिवळी उंचवट्यांच्या टाईलची पट्टी धरून चालत जाऊन सरळ खांबाला कपाळ आपटून घेतलं होतं, त्या टाईलवर मला टक्केवारी मिळाली असती तर मी तो खांब रिपोर्टमधे लिहिला असता का? माहीत नाही, म्हणून घेतच नाही.

काल परत त्याच ठेकेदाराचा फोटो आला, दुसऱ्या कामाचा. (हो, तो अजून आमच्याबरोबर आहे, माणूस वाईट नाही, आणि तो रॅम्प त्यानं स्वखर्चानं तोडून नवा केला.) “मॅडम, बगा की.” मी लिहिलं, लेव्हल बघायच्या पाण्याच्या नळीसकट फोटो टाका, दोन्ही टोकांचा. अर्ध्या तासानं उत्तर आलं, “नळी उंदरानं कुरतडली मॅडम.”

सोमवारी सकाळच्या एसटीनं निघतेय, नवी नळी घेऊन.