बाटलीतला बुडबुडा

आई हर्णै बंदरावर पाटी घेऊन बसते. माल आजचा की बर्फातला, हे ती लिलावात नुसत्या नजरेने ओळखते. बारावीनंतर सीईटी देऊन मी रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात बी.एफ.एस्सी.ला, म्हणजे मत्स्यविज्ञानाच्या पदवीला, प्रवेश घेतला, तेव्हा तिने विचारलं, "मासे शिकायला चार वर्षं लागतात काय गो?" मलाही मनातून तसंच वाटत होतं. मासळीच्या घरातली मी, मला कोण काय शिकवणार!

वर्गीकरणाच्या तासाला हा तोरा टिकला. बांगडा म्हणजे रास्ट्रेलिगर कानागुर्ता, बोंबील म्हणजे हार्पाडॉन नेहेरियस, म्हणताना जीभ वळायची नाही. पण बरणीतला रंग उडालेला मासा मी लांबूनच ओळखायचे. सुट्टीत आईला ऐटीत सांगितलं, पापलेटला पोटाखालचे पर नसतात. ती म्हणाली, "नसतात ते मला ठाऊक. गिऱ्हाइकाला त्याचं काय?"

माझी खरी जिरली ती पाण्याच्या प्रॅक्टिकलला. विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत. बाटली पाण्याखाली धरून गच्च भरायची, दोन द्रावणं घालायची, तपकिरी साका बसतो; मग आम्ल, मग स्टार्चचा निळा रंग, आणि थायोसल्फेटचा थेंब थेंब सोडत तो निळा नाहीसा होईपर्यंत श्वास धरून बसायचं. माझं उत्तर आलं लिटरला 14 मिलिग्रॅम. सरांनी वही बघितली आणि विचारलं, "हे तळं हिमालयात आहे का?" पाणी जितकं कोमट, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आपल्याकडच्या साध्या पाण्यात सात-आठ म्हणजे डोक्यावरून पाणी. बुचाखाली हवेचा एक बुडबुडा राहिला होता, त्यातला ऑक्सिजनही मोजला गेला. त्या सत्रात मी ती बाटली किती वेळा भरली, मोजलं नाही. मासा शिकायला आलेली मी पाणीच शिकत होते. क्षार, सामू (पीएच), अमोनिया, परत क्षार.

मधली सत्रं पाठांतरात गेली, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

शेवटच्या वर्षी प्रशिक्षणाला खाडीकाठच्या एका कोळंबी प्रकल्पावर होते. तिथे व्हनामी. मूळची मेक्सिको ते पेरूच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची ही कोळंबी, आपल्याकडे तिच्या संवर्धनाला 2009 मध्ये परवानगी मिळाली. पावसाळा सरत आला होता, दोन दिवस आभाळ भरलेलं. ऊन नाही म्हणजे तळ्यातल्या शेवाळाने दिवसा ऑक्सिजन कमी बनवलेला. रात्री तर तेच शेवाळ उलट ऑक्सिजन खातं. म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. पुस्तकात हे एका आलेखात होतं, मी परीक्षेत तो सुबक काढलाही होता.

पहाटे साडेतीनला वीज गेली. पाण्यात हवा मिसळणारे एरेटर थांबले आणि इतकी शांतता झाली की माझी झोप त्या शांततेनेच उडाली. जनरेटर फिरेना. बॅटरीच्या उजेडात बघितलं, तर कोळंबी कडेला वर आलेली, पाण्यावर डोळेच डोळे चमकत होते. ऑक्सिजनचा मीटर 2.4 दाखवत होता. ऑपरेटरदादांनी पाना घेतला, "डिझेलच्या लायनीत एअर धरलीय." म्हणजे इथेही बुडबुडाच! ते नट सैल करून हवा काढत होते, मी बॅटरी धरून उभी, हात थरथरत होता. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. पहिला एरेटर फिरला तेव्हा मी चिखलात बसकण मारली.

सकाळचं खाद्य बंद ठेवलं. उजाडल्यावर कडेची मेलेली कोळंबी गोळा केली, दोन पाट्या भरल्या. बाकीचं तळं वाचलं.

दुपारी आईला फोन करून सगळं सांगितलं, आलेखापासून डिझेलपर्यंत. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोन पाट्या? मग कितीला दिल्या?"