झुकताना मऊ पडणारी स्प्रिंग

ध्वनीच्या कंपनांनी आंतरकर्णातील केशपेशींचे केस हलतात आणि मेंदूकडे विद्युत संदेश जातो, एवढे आपण शाळेत शिकलेलो असतो. मला मात्र या दोहोंमधला क्षण जास्त वेधक वाटतो, कारण तिथे काम चालते ते निव्वळ ओढाताणीवर.

प्रत्येक केशपेशीच्या माथ्यावर स्टिरिओसिलियांचा, म्हणजे अ‍ॅक्टिन या प्रथिनाने ठासून भरलेल्या दांड्यांचा, झुबका असतो. या दांड्या चढत्या उंचीच्या रांगांत उभ्या असतात आणि बुडाशी निमुळत्या असल्यामुळे धक्का बसताच मध्ये न वाकता बुडापासून कलतात. आखूड दांडीचे टोक शेजारच्या उंच दांडीला एका अतिसूक्ष्म धाग्याने जोडलेले असते. जेम्स पिकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये या धाग्यांचे वर्णन केले. झुबका उंच बाजूकडे कलला की धागा ताणला जातो, आयन चॅनेलचे दार उघडते आणि पोटॅशियम व कॅल्शियम आत शिरतात. डोळ्यातील प्रकाशग्राही पेशींना लागते तशी रासायनिक अभिक्रियांची साखळी येथे मध्ये नसल्यामुळेच हे काम काही मायक्रोसेकंदांत उरकते.

धागे विश्रांतीतही ताणलेलेच असतात. कॅल्शियम शोषून घेणाऱ्या द्रव्याने ते तोडले, की झुबका उंच बाजूकडे सरकतो आणि त्याची ताठरताही बरीच कमी होते.

माझ्या आवडीचा प्रयोग जोनाथन हॉवर्ड आणि जेम्स हडस्पेथ यांचा, 1988 मधला, बुलफ्रॉग या बेडकाच्या आंतरकर्णावरचा. त्यांनी काचेचा अतिशय बारीक, लवचीक तंतू झुबक्याला टेकवला. तंतूचे बूड ठरावीक अंतर सरकवल्यावर टोक किती मागे राहते, यावरून बल कळत होते. साध्या स्प्रिंगमध्ये बल आणि विस्थापन यांचा आलेख सरळ रेषेत येतो, पण येथे मधल्या पट्ट्यात झुबका मऊ पडला आणि तो पट्टा नेमका चॅनेल उघडण्याचाच निघाला. दार उघडताना धागा काही नॅनोमीटर सैल होतो, तेव्हा एका रेणूची हालचाल अख्ख्या झुबक्याच्या ताठरतेत मोजता येते. विद्युत प्रवाह न मोजता दारांविषयी इतके सांगणारे दुसरे मोजमाप मला तरी ठाऊक नाही.

पुढे 2000 मध्ये पास्कल मार्टिन, अमित मेहता आणि हडस्पेथ यांनी त्याच पेशींत ही ताठरता ऋण होते, असे दाखवले. दिव्याचे बटण अर्ध्यापर्यंत विरोध करते आणि मग आपणहून पलीकडे पडते, तसाच हा प्रकार आहे. त्यातच दांड्यांमधील मायोसिन या प्रथिनाच्या सूक्ष्म मोटारी सैल झालेला धागा पुन्हा ओढून घेतात, त्यामुळे बाहेरून धक्का नसतानाही झुबका डोलत राहू शकतो. आंतरकर्णातील द्रवाच्या घर्षणावर मात करायची तर कानाने स्वतःची ऊर्जा ओतली पाहिजे, असे थॉमस गोल्ड यांनी 1948 मध्येच मांडले होते. ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. डेव्हिड केंप यांनी 1978 मध्ये कानातून बाहेर येणारा आवाज मोजला, आणि आज नवजात बाळांच्या श्रवणचाचणीत तोच आवाज टिपतात.

तरीही बेडकातील निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावणे मला घाईचे वाटते. सस्तन प्राण्यांच्या बाह्य केशपेशी प्रेस्टिन या प्रथिनामुळे अख्खे शरीरच लांब-आखूड करतात आणि कंपने मोठी करण्याचे, म्हणजे वर्धनाचे, श्रेय मुख्यतः त्यांनाच दिले जाते. झुबक्याचा त्यात वाटा किती, यावर संशोधकांचे अजून एकमत नाही.