रिबॉन्डिंगला नाही म्हटलं, त्यानंतर

कोंढव्यात, आमच्या सलॉनच्या दारावरून आफ्रिकन मुली रोज जातात. नायजेरिया, सुदान, टांझानिया, कुठून कुठून पुण्यात शिकायला आलेल्या. आत सहसा कोणी येत नाही, कारण आत त्यांचे केस हाताळणारं कोणी नसतं हे त्यांना पक्कं माहीत आहे. त्या एकमेकींच्या खोलीवर बसून वेण्या घालून घेतात. त्यामुळे जुलैमध्ये टांझानियाच्या एका मुलीनं रिबॉन्डिंगची, म्हणजे क्रीम लावून केस कायमचे सरळ करून घ्यायची, अपॉइंटमेंट घेतली तेव्हा मॅडम खूश होत्या. दर फोनवरच ठरला होता, केस न बघता. फोनवर दर ठरवणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट खोड आहे.

मुलगी हॉटेल मॅनेजमेंटची. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या हॉटेलात ट्रेनिंगसाठी मुलाखत. कॉलेजात कोणीतरी तिला सांगितलं होतं की असे केस अव्यवस्थित दिसतात, सरळ करून, बांधून जा.

मी केस सोडवले आणि आधी नुसती बोटं फिरवली. मुळापासून चारेक इंच दाट, बारीक वळ्यांचे, निरोगी केस. त्याखाली एकदम पोत बदलला. केस पातळ, मलूल, टोकं तांबूस आणि फाटे फुटलेली. बदल कुठे होतो ती जागा डोळे मिटूनही सापडली असती. हे रिलॅक्सरचं काम, तिकडचं केस सरळ करायचं रसायन. मी विचारलं, “रिलॅक्सर केव्हा केला होतास?” ती चमकली. वर्षभरापूर्वी सुट्टीत घरी गेली होती तेव्हा, म्हणाली. ते जुळत होतं, कारण हे केस आपल्यापेक्षा हळू वाढतात आणि चार इंचांना साधारण वर्ष लागतं. शाळेत असताना डोकं बारीक कापलेलंच असायचं, त्यामुळे केस वाढवून काही करायची हौस शाळा सुटल्यावरच पुरी झाली, हेही तिनं सांगितलं.

इथून पुढे मी अडून बसले, आणि का ते नीट सांगते.

केसाचं केराटिन, म्हणजे केस ज्याचा बनतो ते प्रथिन, गंधकाच्या बंधांनी धरलेलं असतं. आपल्याकडचं रिबॉन्डिंग किंवा स्मूदनिंगचं क्रीम थायोग्लायकोलेटचं असतं. ते हे बंध तोडतं, मग प्रेसिंग करून केस सरळ धरतात आणि न्यूट्रलायझर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, ते बंध नव्या जागी पुन्हा जोडतं. तिकडचा रिलॅक्सर निराळा. तो सोडियम हायड्रॉक्साइडचा किंवा ग्वानिडिन हायड्रॉक्साइडचा असतो, पीएच बाराच्या वर. तो बंधातला एक गंधक अणूच काढून टाकतो आणि उरलेला जोड कायमचा वेगळा होतो. तो कुठल्याही न्यूट्रलायझरनं मागे येत नाही. अशा केसावर थायोचं क्रीम लावलं की केस सरळ होत नाही, तुटतो. सगळ्यात आधी तुटतो तो जुना-नवा केस जिथे जोडला जातो तिथे, म्हणजे टाळूपासून चार इंचांवर.

आमच्या सीनियरनं क्रीम काढून ठेवलंसुद्धा होतं, जाड केसांसाठीचं जास्त स्ट्राँग. त्याचा हात आपल्या सरळ केसांवर अप्रतिम चालतो, पण स्ट्रँड टेस्ट, म्हणजे आधी एका बटेवर क्रीम लावून बघणं, करताना मी त्याला कधी पाहिलेलं नाही. मी मानेजवळची एक बारीक बट कापली, टेपनं काचेवर चिकटवली, त्याचंच क्रीम लावलं आणि वाट पाहिली. धुऊन ओढली तर नवा भाग ताणला जाऊन परत आला. जुना भाग ओल्या शेवयांसारखा ताणला गेला आणि बोटात उरला. मी ती बट मॅडमच्या टेबलावर ठेवली.

मॅडम म्हणाल्या, “मग केराटिन कर.” म्हणजे बाटलीतलं केराटिन ट्रीटमेंट, तेही केस सरळ करायचंच. ती बाटली मला माहीत आहे. लेबलवर फॉर्मल्डिहाइड नाही असं लिहिलेलं, आणि केस सरळ करायचं तापलेलं मशीन फिरवलं की सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी. बऱ्याच बाटल्यांत मिथिलीन ग्लायकॉल असतं, गरम झालं की त्यातून फॉर्मल्डिहाइडच सुटतं. एसी लावून बंद केलेल्या खोलीत आम्ही मुली दिवसभर ते श्वासात घेतो. रिलॅक्सर पुन्हा करायचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत २०२२ साली सरकारी आरोग्य संस्थेचा मोठा अभ्यास आला. केस सरळ करणारी रसायनं वारंवार वापरणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं होतं. मी ते तिला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पण दीदी, उद्याचं काय?”

उद्यासाठी सिल्क प्रेस. म्हणजे फक्त पाणी, कंडिशनर, उष्णता आणि वेळ. आमच्या कोर्समध्ये हे कोणी शिकवलं नाही. सरावाच्या डमीचे केसही सरळच असतात. मी हे व्हिडिओ बघून आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका नायजेरियन ताईंकडे बसून शिकले. त्यांचे उपकार आहेत.

आधी तेल आणि जुनं जेल काढणारा शाम्पू, मग ओलावा देणारा. मग भरपूर कंडिशनर लावून गुंता सोडवायचा, आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्यानं, टोकाकडून मुळाकडे. हे केस कोरडे विंचरायचे नसतात. प्रत्येक वळणावर केस कमजोर असतो आणि टाळूचं तेल त्या वळणांतून खाली पोचतच नाही. अर्धा तास वाफेत मास्क. मग हीट प्रोटेक्टंट लावून ब्लो ड्राय, एकेक भाग ताणून धरत, मुळापर्यंत पूर्ण कोरडा होईस्तोवर. इथे घाई केली की सगळं गेलं. केसात पाणी उरलं आणि त्यावर मशीन फिरलं, तर आतल्या आत वाफ होऊन केसात बुडबुडे धरतात आणि तो केस तिथेच मोडतो.

आमचं मशीन रिबॉन्डिंगसाठी कायम २३० अंशांवर असतं. मी ते १८० वर आणलं. जुन्या टोकांसाठी त्याहूनही खाली. इतके बारीक सेक्शन घेतले की पलीकडचं दिसावं. पुढे कंगवा, मागे मशीन, एका बटेवरून एकदा, फार तर दोनदा. संध्याकाळ झाली. वॅक्सिंगला आलेल्या एका बाईंनी मध्येच येऊन न विचारता तिच्या केसांना हात लावला आणि “खरे आहेत का?” म्हणून मला विचारलं, तिला नाही. मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

झालं तेव्हा केस खांद्याच्या खाली आले होते. हलत होते. ती आरशासमोर उठून उभी राहिली, वळून वळून पाहत राहिली. मी सॅटिनचा रुमाल बांधून दिला आणि बजावलं, पावसाचा थेंब लागू देऊ नकोस, हे पाण्यानं परत फिरतात. ते परत फिरतात हाच त्यातला चांगला भाग आहे. पुढच्या आठवड्यात ती धुवायला आली तेव्हा मी श्वास रोखून पाहत होते. पाणी पडल्याबरोबर नवे चार इंच वळ्यावळ्यांनी पुन्हा आकसले, एकही बट सरळ राहिली नाही. उष्णतेनं काही बिघडलं नव्हतं.

मुलाखत झाली होती. निवडही झाली होती. तिथल्या बाईंनी केसांचं कौतुक केलं आणि म्हणाल्या, ट्रेनिंगमध्ये रोज असेच ठेव.

रोज. हॉटेलच्या किचनच्या वाफेत, पावसाळ्यात. रोज मशीन फिरवायचं म्हटलं तर दिवाळीपर्यंत नवे चार इंचही जुन्यासारखे होतील. तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही. मी केस जपले, पण ते इतके छान सरळ करून दाखवले की आता तेच तिच्याकडून मागितलं जातंय. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये कायदाच झाला, नैसर्गिक केसांवरून किंवा वेण्यांवरून नोकरीत भेदभाव करायचा नाही असा. इथे ती कोणाकडे जाणार? भांडली तर ट्रेनिंगचं सर्टिफिकेट अडकेल.

हॉटेलच्या नियमाचा कागद मी मागून घेतला. त्यात लिहिलंय: केस नीट, चेहऱ्यावर न येणारे, बन घातलेले. सरळ हा शब्द कुठेच नाही. मग आम्ही दोघींनी ठरवलं. जुनी टोकं मी कापली, तिच्याच सांगण्यावरून. नायजेरियन ताईंना बोलावलं आणि त्यांनी डोक्याला चिकटून बारीक वेण्या, म्हणजे कॉर्नरो, घातल्या, मागे नेऊन खाली घट्ट बन. समोरून, बाजूनं, मागून फोटो काढले. नियमाच्या ओळीखाली रेघ मारून तिनं ते फोटो त्या बाईंना पाठवलेत. उत्तर यायचंय. इकडे मॅडमनी मला परवा पुन्हा विचारलं, त्या मुलीचं रिबॉन्डिंग आता तरी करता येईल ना, जुने केस तर कापले.

करता येईल. थायो नव्या केसांवर चालेलही, नीट टेस्ट करून. मी मॅडमना तसं सांगितलं, आणि हेही, की तिनं स्वतः येऊन मागितल्याशिवाय मी क्रीमला हात लावणार नाही.