बोनस निवृत्ती खात्यात टाकण्याआधी फी बघा
निवृत्ती खात्यातली फी बहुतेक वेळा पगाराच्या स्लिपवर दिसतच नाही. फंडाच्या परताव्यातूनच ती परस्पर कापली जाते. म्हणून ‘फक्त १ टक्का’ कुणाला टोचत नाही. हिशेब मांडून बघा: १ लाखाचा बोनस, ३० वर्षं, वर्षाला ७ टक्के वाढ, तर हातात सुमारे ७.६१ लाख. फीमुळे वाढ ६ टक्क्यांवर आली की ५.७४ लाख. जवळपास पाव हिस्सा गेला की!

वार्षिक विवरणात फंडाचा खर्च आणि प्रशासन शुल्क वेगवेगळं शोधा. ठरावीक रकमेचं शुल्क लहान शिलकेला जड जातं, टक्केवारीचं मोठ्या शिलकेला. बोनसमधून वर्गणी आपोआप कापली जातेच असं नाही; काही योजनांत वेगळा फॉर्म लागतो, तोही बोनस निघण्याआधी. नोकरी सोडल्यावर तर कंपनी भरत असलेलं शुल्क कधीकधी गुपचूप तुमच्याच खात्यातून वळतं व्हायला लागतं.