गोवा राहिलंच, म्हैसमाळ तरी झालं

आज दुपारी टीव्हीवर ‘दिल चाहता है’ लागला होता, उठवलंच नाही. फरहान अख्तरचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा, २००१चा. लोकांना त्यातला गोवा आठवतो, चापोऱ्याच्या किल्ल्यावर बसलेले तिघं आठवतात. मला आज वेगळंच खटकलं. ह्या पोरांमध्ये पेट्रोलच्या पैशाचा विषयच निघत नाही!

आमची ट्रिप म्हणजे संभाजीनगरहून म्हैसमाळ, तीही मित्राच्या मामाच्या बोलेरोत. परतताना दौलताबादला किल्ल्याच्या दरवाजातून रस्ता जातो ना, तिथं एक बस अडकली की दोन्हीकडं रांग. सीताफळवाल्या मावशी थेट खिडकीत टोपली घालायच्या आणि मागच्या सीटवर हिशोब पेटलेला असायचा. “डिझेलचे तू दे बे, खुलताबादला चहाचे मी दिले की.”

सिनेमा खरा पकडतो तो पुढं. तिघांतल्या सिद्धार्थचा तारावर जीव जडतो, तिच्यावरून आकाश नको तो विनोद करतो, सिद्धार्थ कानाखाली देतो, विषय संपला. मग आकाशला घरचे सिडनीला धाडतात, धंदा बघायला. आमच्यात कुणी कुणावर हात उचलला नाही. एक पुण्यात एमपीएससीच्या अभ्यासिकेत जाऊन बसला, एक जालन्याला स्टीलच्या कारखान्यात शिफ्टला लागला, एकाच्या वडिलांनी सोयाबीन त्याच्या हवाली केलं. भांडलो असतो तर मिटवायला तरी भेटलो असतो. ग्रुपवर आता नुसते वाढदिवसाचे केक पडतात.

सिनेमा संपल्यावर सोयाबीनवाल्याला फोन लावला. “मळणीयंत्र चालू आहे, ओरडून बोल!” ओरडूनच विचारलं, दिवाळीत निघायचं का? हो म्हणाला. बोलेरो मात्र मामानं विकली म्हणे.