फलकांपासून पेट्यांपर्यंत: आमची वाटचाल

बडोद्यात दांडिया बाजाराजवळ आमचं छोटं वर्कशॉप आहे. बाबा पाट्या रंगवायचे. 2009 पासून मी फ्लेक्सची कामं घेऊ लागलो आणि शाळा-संस्थांची प्रदर्शनंही मिळत गेली. मजकूर यायचा, फलक छापायचे, भिंतीवर चढवायचे, बिल लावायचं. प्रदर्शन म्हणजे आमच्या लेखी एवढंच.

एका संस्थेसाठी विश्वामित्री नदीतल्या मगरींवर 32 फलक केले. उद्घाटनाला मी कोपऱ्यात स्टुलावर बसून होतो. लोक तीन फलक वाचायचे, मग झपाझप दाराकडे. एक आजी नातवाला म्हणाल्या, ‘‘चल रे, पुढे नुसतं लिहिलेलंच आहे.’’ ते शब्द रात्रभर डोक्यातून जाईनात.

पुढच्या रविवारी कमाटीबागेत गेलो. सयाजीराव महाराजांनी 1894 मध्ये सुरू केलेल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. तिथे कुणी घाईत नव्हतं. मुलं फासळ्या मोजत होती, वडील लांबीचा अंदाज बांधत होते, आई तो खोडून काढत होती. माणसं घोळक्याने येतात आणि आपसात बोलता बोलता शिकतात, हे मला तिथे उमगलं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियमबद्दल वाचलं. फ्रँक ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने ते 1969 मध्ये उघडलं. तिथे प्रत्येक वस्तू हाताळायचीच असते. मग आमच्या कामाची रीतच बदलली.

आता काहीही आधी पुठ्ठ्याचं करून बघतो. मगरीचंच सांगतो. मादी काठावर खड्डा खणून अंडी पुरते आणि पिल्लू नर निघणार की मादी, हे घरट्याच्या तापमानावर ठरतं. केवढी विलक्षण गोष्ट, आणि आम्ही ती सतराव्या फलकावर बारीक अक्षरात छापली होती! नव्याने करताना वाळूची पेटी, प्लास्टरची अंडी, दिवा आणि तापमान बदलायची मूठ केली. शेजारी ‘मूठ फिरवा’ अशी पाटी. पाटी कुणी वाचली नाही, मुलांनी थेट दिवाच ओढला. मूठ मोठी केली, मुलांच्या कमरेच्या उंचीवर आणली आणि समोरच्या बाजूला दुसरी बसवली. आता एका बाजूला नातू, दुसऱ्या बाजूला आजोबा. ‘‘थांब, हळू फिरव, आता बघ कोण निघतंय!’’ हे ऐकलं आणि पाटी काढून टाकली.

मजकूर कमी केला की पैसे कमी करा, असं काही गिऱ्हाइकं म्हणतात. त्यांना मी वर्कशॉपमध्ये बोलावतो आणि रद्द झालेले सहा-सात नमुने दाखवतो. खरी मेहनत तिथे असते.

सध्या शाळांसाठी फिरत्या पेट्या करतो. कल्पना इथलीच: बडोदा संस्थानात पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव जात, त्या फिरत्या ग्रंथालयांची. पेटी शाळेतून परत आली की आमचे सुतारकाका आधी कुठली वस्तू जास्त झिजलीय ते बघतात. गेल्या खेपेला अंड्यांचा रंग पार उडाला होता. पुढच्या पेटीत अंड्यांचे दोन संच टाकलेत.