मोठा चांदवा: काळी पडलेली अंडी

घोळीवर वाढवलेल्या चांदवा फुलपाखरांची बॅच संपली. आधी निकाल: नर-माद्या दोन्ही निघाले. नराच्या काळ्या पंखांवर निळसर झाक असलेले पांढरे ठिपके असतात, भिंगाचीही गरज नाही. म्हणजे वोल्बाकिया या जीवाणूने या आईचे मुलगे तरी मारलेले नाहीत.

संशयाला कारण होतं. बरीच अंडी फुटलीच नव्हती, आणि चांदवा म्हटलं की पॅसिफिकमधलं सामोआ बेट आठवतंच. तिथे वोल्बाकियामुळे २००१ मध्ये शंभरात जेमतेम एक नर उरला होता. हा जीवाणू पेशीत राहतो आणि आईच्या अंड्यातूनच पुढच्या पिढीत जातो, म्हणून नर त्याच्या काहीच कामाचा नाही. नर गर्भ अंड्यातच मेले की पाला बहिणींच्या वाट्याला! २००६ पर्यंत मात्र नर पुन्हा ४० टक्क्यांच्या आसपास पोचले. जीवाणूला दाबणारं जनुक दहाएक पिढ्यांत पसरलं होतं. आग्नेय आशियातल्या चांदव्यांत तर जीवाणूही आहे आणि नरही. तेव्हा माझ्या बॅचमध्ये नर आले म्हणून वोल्बाकिया नाहीच, असं म्हणता येत नाही.

नुसती न फुटलेली अंडी मोजण्यात अर्थ नाही. जगलेल्यांत नर किती, ते बघा. आणि प्रत्येक मादीची अंडी वेगळ्या डबीत ठेवा, एकदा मिसळली की हिशेब संपला.

आता त्या अंड्यांबद्दल. ताजं अंडं फिकट हिरवं, काचेसारखं, त्यावर उभ्या धारा. यातली काही हळूहळू काळी कुळकुळीत झाली. एकाला बारीक भोक पडलं आणि मिलिमीटरभरही नसलेले किडे बाहेर आले. ट्रायकोग्रामाच असावेत, म्हणजे दुसऱ्या किड्यांच्या अंड्यात आपली अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या; उसाच्या शेतात ज्यांची ट्रायकोकार्डं लावतात त्या. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेल्या सगळ्यांच्या मिशा टोकाला जाड होत्या आणि त्यांवर नरासारखे लांब केस नव्हते. म्हणजे माद्या.

इथे खरी गंमत आहे. ट्रायकोग्रामात फलन न झालेल्या अंड्यातून एरवी नर होतो. पण काही वाणांत वोल्बाकिया त्याच अंड्यातली गुणसूत्रं दुप्पट करून मादी बनवतो. प्रतिजैविक दिलं की नर परत येतात, हे १९९० मध्येच दाखवलं गेलंय. अर्थात माझ्याकडच्या माद्यांवरून काही सिद्ध होत नाही, कारण ट्रायकोग्रामात तशाही माद्याच जास्त निघतात. म्हणून उरलेल्या काळ्या अंड्यांतले कोष एकेक सुटे करून वेगवेगळ्या कुप्यांत ठेवलेत. नर न भेटलेल्या मादीला अंडी घालायला तांदळावरच्या पतंगाची अंडी देणार. त्यातून मुली निघाल्या तर पुढच्या नोंदीत फोटोसकट टाकतो.